ओळखलं का, दाजी?

माणसाची सगळी संस्कृती एका साध्या गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे समोरून दुसरा आला की आपण बाजूला होणे. हे वाक्य रामप्रसादने स्वतः रचून कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, तेव्हा दोघांनी हात जोडले, एकाने फुलांचा गुच्छ पाठवला आणि दूधवाल्याने त्याखाली लिहिले, 'उद्या दूध येणार न्हाई.' दूध येणार नव्हते म्हणूनच रामप्रसाद दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन स्वतः बाहेर पडला, आणि फूटपाथवर समोरून एक जण पळत आला तेव्हा दोघांपैकी कोणालाच धड बाजूला होता आले नाही.

आपल्याकडे फूटपाथ आहे हेच मुळात कॉलनीला नवीन होते. वर्षानुवर्षे त्याच्यावर कुलर, प्लास्टिकच्या खुर्च्या, लोखंडी कपाटे आणि चप्पल-जोड्यांचे खोके मांडलेले असत आणि माणसे आपली सडकेवरून, ट्रकांच्या मर्जीने चालत. मग करोनाची दुसरी लाट आली, शटरे पडली, माल आत गेला, आणि धरण आटल्यावर बुडालेल्या गावाचे देऊळ वर यावे तसा लाल-पिवळ्या ठोकळ्यांचा सलग फूटपाथ वर आला. लोक तो बघायला आले. बघता बघता त्याच्यावरून चालू लागले. ज्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितले होते ते चालू लागले, आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे, ज्यांचे मैदान बंद झाले होते, ती पळू लागली. चालणारे म्हणत की पळणारे अंगावर श्वास टाकतात. पळणारे म्हणत की चालणारे चौघे-चौघे आडवे चालतात आणि मागून आवाज दिला तर चौघेही वेगवेगळ्या दिशेला सरकतात. ग्रुपवर भांडण पेटले. रामप्रसाद बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायच्या लॅबमध्ये होता, म्हणजे शास्त्र शिकलेला होता, म्हणून नियम लिहायचे काम त्याच्याकडे आले. त्याने लिहिले की चालणाऱ्यांनी दुकानांच्या बाजूने चालावे, पळणाऱ्यांनी सडकेच्या बाजूने पळावे, मागून येणाऱ्याने लांबूनच आवाज द्यावा आणि तोंडासमोर तोंड आल्यास दोघांनी मास्क नाकावर ओढावा. शेवटी आपल्या मनचा एक नियम त्याने घातला. हातात ओझे असेल त्याला वाट, रिकाम्या हाताच्याने खाली उतरावे.

हा नियम त्याचा नव्हता, त्याच्या वडिलांचा होता. गावाकडे, तीर्थपुरीच्या शिवारात बांध इतका अरुंद होता की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला पिकात उतरावेच लागे. कचरू अण्णा, म्हणजे त्याचे वडील, समोरच्या डोक्याकडे बघत. डोक्यावर भारा असला, पाटी असली, घागर असली की अण्णा काही न बोलता खाली उतरत, मग ती बाई कोणाची का असेना, आणि तिचा पदर पुढे सरकला की पुन्हा वर येत. पायाला चिखल लागलेला असे. तो चिखल ते कधी झटकत नसत. लहान रामप्रसाद मागून चालताना त्या वाळत जाणाऱ्या चिखलाकडे बघत राही आणि त्याला वाटे की मोठे होणे म्हणजे असे न बोलता खाली उतरणे. आता तो स्वतः मोठा होऊन पोट सुटलेला, चष्मा लागलेला माणूस झाला होता आणि फूटपाथवर उभा राहून विचार करत होता की अर्धा-अर्धा लिटरच्या दोन पिशव्या हे ओझे धरावे की नाही.

तेवढ्यात समोरचा आलाच. निळी बनियन, गळ्यात गुंडाळलेला रुमाल नाकापर्यंत. नियमाप्रमाणे तो सडकेच्या बाजूने येत होता, नियमाप्रमाणेच पिशवी बघून तो खाली सडकेवर उतरला, आणि रामप्रसादला हायसे वाटते न वाटते तोच, काय आठवले कोण जाणे, परत उडी मारून वर आला, पुढ्यात थांबला, रुमाल हनुवटीखाली ओढला आणि वाकला.

"राम राम, दाजी! ओळखलं का?"

रामप्रसादच्या चष्म्यावर त्याच्याच मास्कची वाफ धरली होती. वाफेच्या पलीकडे एक तोंड होते, दात होते, घाम होता. कोणीतरी पायाला हात लावला आहे, राम राम घातला आहे, आणि आपण तोंड झाकून उभे आहोत हे त्याच्या हाताला पटले नाही. हातानेच मास्क खाली ओढला. डोके नंतर आले.

"अरे वा! ओळखलं की! ओळखायला काय झालं!"

"ताई बऱ्या हायेत ना?"

"मजेत."

"आज लई दम लागून राह्यला बघा, दाजी. चार-पाच रोज पळायचं बंदच होतं ना. अंग निसतं जड झालं." त्याने हसत मान झटकली, ओला कुत्रा झटकतो तशी, आणि काहीतरी कोमट, बारीक, रामप्रसादच्या डाव्या डोळ्याखाली येऊन पडले. "येतो मंग. थांबलं की अंग थंडं पडतंय." आणि तो पळत गेला, सडकेच्या बाजूने, बराबर नियमाप्रमाणे.

रामप्रसाद तिथेच उभा राहिला. डोळ्याखालची जागा आता चेहऱ्यावरची एकमेव जागा झाली होती. घाम होता की थुंकी, हे कळायला मार्ग नव्हता. पुसावे तर हाताला लागेल, हाताची पिशवीला लागेल, पिशवीतले दूध बाळंतपणाला आलेल्या पोरीच्या, अर्पिताच्या, पोटात जाईल. न पुसावे तर ते वाळेल, आणि वाळल्यावर कुठे जाईल? चार-पाच रोज पळायचे बंद होते. का बंद होते? चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, भरती तोंडावर, तो चार-पाच दिवस अंथरुणावरच पडून असणार, दुसरे काय. आणि अंग जड. ग्रुपवर रोज लक्षणे येत होती, त्यांत अंग जड होणे पहिल्या तिनात होते.

दाजी म्हणाला म्हणजे पोरगा राजूरचा, हे तर उघड होते. दैवशालाचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, माहेर राजूर, आणि राजूरच्या गणपतीच्या पायथ्यापासून पार मळ्यांपर्यंत सगळे गाव त्याला दाजी म्हणत असे. दैवशालाला विचारले असते, किंवा तिच्या भावाला, अंगदला, फोन करून विचारले असते, की बाबा, जालन्यात भरतीची तयारी करणारे तुमचे पोरगे कोणते आणि त्याला काय झाले होते, तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण ते विचारायचे म्हणजे आपण ओळखले नाही हे सांगायचे. आणि राजूरचा माणूस न ओळखणे हा रामप्रसादच्या संसारातला जुना गुन्हा होता. अर्पिताच्या लग्नात त्याने फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना हात धरून चांगल्या खुर्चीवर बसवले, सरबत दिले आणि नम्रपणे विचारले होते, "आपण मुलाकडचे का?" ते दैवशालाचे सख्खे चुलते होते. ते जेवले नाहीत. तेव्हापासून दैवशाला रस्त्यात कोणी दिसले की आधी त्याच्या कानात सांगायची, "हे आपले राजूरचे, हसा." आणि तो हसायचा. आता सांगायला ती सोबत नव्हती, आणि तो नुसता हसला नव्हता, ओळखलं म्हणाला होता.

घरी येईपर्यंत त्याचा निर्णय झालेला होता, किंवा पायांचा झाला होता. त्याने दूध फाटकापाशी ठेवले आणि बाहेरच्या जिन्याने थेट गच्चीवरच्या खोलीत गेला. तिथे जुने कुलर, अर्पिताची सायकल आणि कंपनीच्या बियाण्यांच्या नमुन्यांची पोती होती. त्याने आतून कडी लावली. मग कडी कशाला लावली म्हणून काढली.

"अवो," खालून दैवशाला म्हणाली, "दूध फाटकात ठिवून वर कामून गेले?"

"दूध उकळ. दोनदा उकळ. पिशवी धुऊन घे."

"झालं काय पण?"

"एक जण समोर आला. पळत."

"मंग?"

"जवळून गेला."

"मास्क होता ना तुमचा?"

"होता," रामप्रसाद म्हणाला. हे खरे होते. कुठे होता ते तिने विचारले नाही.

"कोण होता?"

"कोणीतरी," तो म्हणाला. हेही खरे होते.

खाली अर्पिता होती. सातव्या महिन्यात माहेरी आली होती, आता दिवस भरत आले होते. पाय सुजत होते, रक्तदाब चढत होता, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की बाकी सगळं आपण बघू, फक्त तो आजार घरात येऊ देऊ नका. फक्त. रामप्रसादने गेले दोन महिने त्या शब्दाभोवती घर बांधले होते. भाजी मिठाच्या पाण्यात, वर्तमानपत्र उन्हात, जावई पुण्यात, पाहुणे फोनवर. आणि तेवढ्या तटबंदीतून ते आले ते राम राम घालून, पाया पडून. पोराने रुमाल काढला तो मान द्यायला. आपण मास्क काढला तोही मान द्यायलाच. नियम मोडणारा असता, अंगावर खोकणारा उनाड असता तर त्याला शिव्या घालता आल्या असत्या. याला काय घालणार?

लॅबमध्ये तो ओल्या कागदावर बियाणे मांडायचा, कागदाची गुंडाळी करायचा आणि दमट कपाटात ठेवून द्यायचा. मग काही दिवस काहीच करायचे नसे. वरून बघून काही कळत नसे. आत चाललेले असे किंवा नसे. नवीन लागलेली मुले घाई करून गुंडाळी उघडत तेव्हा तो त्यांना म्हणे, बियाण्याला आपली घाई कळत नाही. आता त्याचा घसा हीच ती गुंडाळी होती. सकाळी उठून तो थुंकी गिळून बघे. दुखले तर भीती वाटे, नाही दुखले तर आपण नीट गिळले नाही असे वाटे. कोपऱ्यातल्या पोत्यातली मूठभर बाजरी हुंगून बघे, वास आला की बरे वाटे, आणि दुपारी पुन्हा हुंगल्यावर बाजरीला मुळात वास असतो की नाही याचाच घोळ होई. तपासणी करून यावी म्हणून एकदा तो मागच्या गल्लीने गेलाही होता. रांग त्याच फूटपाथवर लागली होती, आणि माणसे एकमेकांना इतकी खेटून उभी होती की नसलेला आजारही तिथे पदरात पडला असता. तो लांबूनच परत फिरला.

दैवशाला ताट जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवायची आणि तिथूनच बोलायची. "ताप न्हाई, खोकला न्हाई. भाकरी पहिल्यासारख्याच चालल्यात. निसतं वर जाऊन बसलेत साधूवानी. लोकं इचारून राह्यले, काय सांगू?"

"सांग, काळजी घेतोय."

"पोरीची का तुमची?"

हा प्रश्न त्याचा स्वतःला विचारून झालेला होता. खाली उतरून सरळ सांगितले असते की तुमच्या गावचा एक पोरगा भेटला, मी त्याला ओळखले नाही, तर ती चिडली असती, मग हसली असती, मग फोन केला असता. पोरीसाठी एवढेही आपल्याच्याने होत नाही? आणि होत नसेल तर आपण वर बसलो आहोत ते नेमके कोणाला वाचवायला? अशा वेळी तो तो चेहरा आठवायचा प्रयत्न करी. वाफ आठवे, दात आठवत. लग्नातल्या पंगतीत वरण वाढणारा एक हात आठवे, पण हाताला तोंड नव्हते. कधी त्या तोंडाच्या जागी अण्णांचे तोंड येई. अण्णा बांधावरून खाली उतरले आहेत आणि भारा घेतलेली बाई जायचे सोडून तिथेच थांबून त्यांना विचारते आहे, ओळखलं का? आणि अण्णा पिकात उभे, आणि तो मागे उभा, आणि वाट अडलेली.

संध्याकाळी अर्पिता अंगणात खुर्ची टाकून बसे आणि मान वर करून त्याच्याशी बोले. वरून तिच्या भांगाची रेघ आणि पोटाचा गोल दिसे. सायकल शिकताना ती पुढे आणि तो मागे पळत, सीट धरून, अख्खी कॉलनी पालथी घातली होती. सीट सोडल्यावरही तो मागे पळतच राहिला होता, आणि तिने वळून बघितल्यावर दोघेही पडले होते.

"पप्पा, बाळ आल्यावर पण वरच बसणार का?"

"तोपर्यंत होईल सगळं नीट."

"काय होईल पण? झालंय काय तुम्हाला?"

"तेच तर बघतोय."

कळा तारखेच्या आधीच सुरू झाल्या, एका सकाळी, नळाला पाणी आलेले असताना. खाली बादली वाजली, मग दैवशालाचा आवाज वाढला. ॲम्ब्युलन्सचा फोन लागत नव्हता. शेजारचे कुटुंब आठवडाभरापासून दारे लावून आत पडले होते. रामप्रसादची गाडी फाटकात उभी होती आणि किल्ली त्याच्या खिशात होती. तो कठड्याशी आला. आपण चालवायची? बंद गाडी, बंद काचा, शेजारी पोरगी, धापा टाकत. त्या भेटीला दिवस किती झाले? पुरेसे झाले की नाही? ग्रुपवर एक जण चौदा म्हणे, दुसरा दहा, तिसरा म्हणे आता नवीन आलेय ते मोजूनच येत नाही.

"अवो, किल्ली फेका," दैवशाला ओरडली. "अंगदला फोन केल्ता. त्यो म्हणला, गावचा पोरगा पाठवून राह्यलो, तिथंच राहतो जवळ."

आणि मग रामप्रसादने वरून पाहिले. फूटपाथवरून, सडकेच्या बाजूने, निळी बनियन पळत येत होती.

ती फाटकातून आत आली. रुमाल वर करून तो दैवशालाशी काहीतरी बोलला, पायरीवर ठेवलेली बॅग उचलून गाडीपाशी ठेवली आणि अर्पिताच्या कोपराला हात दिला. अर्पिता त्याच्या दंडावर सगळा भार टाकून एकेक पाऊल टाकू लागली. जो श्वास घरात जाऊ नये म्हणून रामप्रसाद इतके दिवस बाजरी हुंगत बसला होता, तो श्वास तिच्या कानापासून वीतभर अंतरावर होता. रामप्रसादने हाक मारायला तोंड उघडले आणि त्याच्या लक्षात आले की त्याला नाव माहीत नाही.

"ए," तो म्हणाला. मग, "अरे... ओ..." खाली कोणी वर बघेना. ओ म्हणून कोणी वर बघते? त्याने दोन्ही हात कठड्यावर आपटले आणि जे तोंडात आले ते ओरडला. "बाजूला हो!"

पोरगा शिस्तीचा होता. त्याने तत्काळ बाजूला उडी मारली. अर्पिता हेलपाटली आणि गाडीच्या बॉनेटला धरून उभी राहिली.

"डोकं फिरलं का तुमचं?" दैवशाला वर बघून किंचाळली. "पोरगी पडली असती आता! मल्हारी, धर रे तिला. ह्यांचं आयकू नको."

मल्हारी. रामप्रसादने ते नाव दोन्ही हातांनी धरले. त्याने ते नीट ऐकले, तरी त्याला कोणताच चेहरा आठवला नाही. पण आता हाक मारता येत होती.

"मल्हारी!"

"जी, दाजी!" रुमालावरून दोन डोळे वर झाले. भरतीच्या मैदानावर असावे तसे हात दोन्ही बाजूंना ताठ.

"तू मधी चार-पाच रोज पळत नव्हतास. काय झालं होतं तुला?"

नळाचे पाणी बादलीतून वाहून चालले होते. अर्पितानेही कळ मधेच थांबवून वर बघितले असे त्याला वाटले.

"ह्या वक्ताला काय इचारून राह्यले हे!" दैवशाला म्हणाली.

"सांग. खरं सांग, मल्हारी. लाजू नको."

मल्हारी खरोखरच लाजला. त्याने एकदा दैवशालाकडे बघितले, मग एका पायावर उभा राहून दुसरा पाय मागे उचलला आणि वर दिसेल असा धरला. जोड्याला पुढून-मागून सुतळी गुंडाळलेली होती.

"तळवा निघाल्ता, दाजी," तो म्हणाला. "दुकानं बंद. मंग बिनाजोड्याचं कसं पळावं? सुतळी घावली, मंग बांधला."

रामप्रसादने किल्ली फेकली. ती धुण्याच्या दगडावर पडून उसळली आणि मल्हारीने ती हवेतच झेलली. त्याने अर्पिताला मागे बसवले, दैवशाला तिच्या शेजारी बसली, आणि रामप्रसाद जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आला, तिथे रात्रीचे ताट होते ते ओलांडायला थांबला, तोवर गाडी कोपऱ्यावरून वळली होती. तो पायरीवरच बसला. बऱ्याच वेळाने त्याने डाव्या डोळ्याखाली बोट लावून बघितले. तिथे काही नव्हते. बोट हुंगले तर त्याला बाजरीचा वास आला, आणि तो वास आला याचा आनंद मानावा की त्या आजाराची वाट बघत राहावे, जो आपण इतके दिवस पाळला होता, हे त्याला पायरीवर बसल्या बसल्या ठरवता येईना. दैवशाला गाडीत मल्हारीला सांगत असेल का, की दाजींनी तुला ओळखले नाही? की मल्हारीच तिला सांगत असेल, दाजींनी मला बराबर ओळखल्तं?

मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. नाव ठरेपर्यंत तिला छकुली म्हणायचे ठरले.

जूनमध्ये दुकाने उघडली. मल्हारीने नवे जोडे घेतले. दुकानदाराने जोड्यांचे खोके, पहिल्यासारखे, फूटपाथवर मांडले होते.